दगडमासा, दोन तास आणि दोरी

अंदमान किंवा लक्षद्वीपची सहल ठरली की फॅमिली ग्रुपवर हा फॉरवर्ड हमखास येतो: ‘स्टोनफिश हा जगातला सर्वांत विषारी मासा. चावला की दोन तासांत मृत्यू, औषध नाही. पायाला लगेच घट्ट दोरी बांधा, चीर देऊन रक्त काढा. पाण्यात पाय घासत चाला, तो पळून जाईल. खाल्ला तरी जीव जातो.’

पहिलं वाक्य खरं आहे. पुढे घोळ सुरू होतो.

तो माणसाला चावत नाही. प्रवाळांच्या आसपास, उथळ पाण्यात तो वाळूत अर्धा रुतून भक्ष्याची वाट बघत पडलेला असतो. पाठीवर 13 काटे आणि प्रत्येक काट्यालगत विषाच्या ग्रंथी. आपला पाय पडला की त्या दाबल्या जातात आणि विष काट्याच्या खाचेतून जखमेत उतरतं.

पाय घासत चालणं पाकटासाठी (स्टिंगरे माशासाठी) ठीक, कारण चाहूल लागताच पाकट सटकतं. हा गडी मात्र ढिम्म बसून राहतो! जाड तळव्याचे बूट घाला. पातळ तळव्यातून काटा आरपार जातो.

वेदना भयंकर असतात, रक्तदाबही उतरू शकतो. मृत्यू अशक्य नाही, पण फार दुर्मीळ. आणि औषध आहे: ऑस्ट्रेलियात 1959 पासून प्रतिविष वापरात आहे. आपल्या बेटावरच्या दवाखान्यात ते असेलच असं मात्र धरून चालू नका.

सगळ्यात घातक सल्ला दोरीचा. दोरीने विष एकाच जागी साठतं, रक्तपुरवठा तुटतो, तिथलं मांस आणखी खराब होतं. चीर दिली की जखम वाढते, इतकंच. करायचं ते साधं आहे: पाय सुमारे 45 अंशांच्या पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा. पाणी किती गरम आहे ते धडधाकट पायाने किंवा दुसऱ्याच्या हाताने बघा. ठणकणाऱ्या पायाला अंदाज येत नाही आणि तो भाजून निघतो. पाकटाचा किंवा शिंगाळ्याचा काटा लागला तरी हाच उपचार.

राहिलं खाण्याचं. जपानच्या ओकिनावात आणि हाँगकाँगमध्ये काटे काढून हा मासा चवीने खातात. विष काट्यांशी असतं, मांसात नाही.