दरवर्षी नवीन बॅट घ्या, स्विंगचं बघू नंतर

अमेरिकेत येऊन चार वर्षं झाली, ग्रीन कार्डच्या रांगेत उभे राहिलात, ऑफिसातल्या कोणीतरी ओढून स्लो पिच सॉफ्टबॉलच्या (बेसबॉलचाच भाऊ, फक्त बॉल मोठा आणि हळू टाकलेला) टीममध्ये नेलं, आणि आता दर गुरुवारी संध्याकाळी तुम्ही शॉर्टस्टॉप नावाच्या फील्डरच्या हातात अलगद कॅच देऊन परत बेंचवर येऊन बसताय, तर सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. चूक तुमची नाहीये. बॅटची आहे. गेल्या वर्षीची आहे ना ती? मग झालं तर! गेल्या वर्षीच्या बॅटने कोणी खेळतं का?

आता लगेच कोणीतरी सांगायला येईल की अरे बाबा तू शाळेपासून क्रिकेट खेळलायस, तुझी बॅट वरून खाली सरळ येते, इथे ती आडवी फिरवायची असते आणि ताकद कमरेतून काढायची असते, एखादा महिना नेटमध्ये घाम गाळ. अशा लोकांपासून लांब राहा. महिनाभर नेटमध्ये कोण जाणार, आणि नवीन बॅट तर परवा घरपोच येते, साडेतीनशे डॉलर फक्त. बायकोने विचारलं तर कंपोझिट आहे म्हणायचं. कंपोझिट हा शब्द ऐकला की पुढचा प्रश्न सहसा येत नाही.

जाहिरात मात्र नीट वाचा, प्रत्येक शब्द खरा मानून वाचा. यंदा स्वीट स्पॉट, म्हणजे बॉल लागला की सगळ्यात लांब जातो ती बॅटवरची जागा, मोठा झालाय. गेल्या वर्षीही झाला होता, त्याच्या आदल्या वर्षीही. बॅटची लांबी नियमाने 34 इंचांच्या वर जात नाही, जाडी सव्वादोन इंचांच्या वर जात नाही, वजन 38 औंसांच्या वर जात नाही, आणि एवढ्याशा जागेत स्वीट स्पॉट दरवर्षी वाढतोच आहे, म्हणजे हिशोबाने एव्हाना तो ग्रिप ओलांडून तुमच्या कोपरापर्यंत यायला हवा होता. पण हिशोब करायचा नाही. हिशोब करणाऱ्याने सॉफ्टबॉल खेळू नये, रिटायरमेंटचं 401के खातं बघत बसावं.

आणि एक आकडा तर चुकूनही लक्षात ठेवू नका, तो म्हणजे 98. यूएसए सॉफ्टबॉल, म्हणजे खेळाचे नियम ठरवणारी संस्था, पूर्वीची एएसए, यांनी 2004 पासून नियमच केलाय की बॅटवरून सुटणारा बॉल त्यांच्या टेस्टमध्ये ताशी 98 मैलांच्या वर जाता कामा नये. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत त्यासाठी लॅब आहे, तिथे बॅट अडकवून ठेवतात आणि हवेच्या तोफेतून तिच्यावर बॉल सोडतात, साधारण ताशी 110 मैलांनी, कारण स्लो पिचचा बॉल येतो कसाबसा पंचवीस मैलांनी आणि बाकीचा वेग असतो जोरात फिरणाऱ्या बॅटचा, त्या दोघांची बेरीज. बॉल किती वेगाने परत फिरतो ते मोजून, बॅटचं वजन कुठे किती भरलंय ते धरून गणित करतात आणि आकडा 98 च्या आत असेल तरच बॅटवर मान्यतेचा शिक्का. शिक्का नाही तर अंपायर बॅट बाजूला ठेवायला लावतो.

म्हणजे बघा, दुकानातल्या प्रत्येक महागड्या बॅटच्या डोक्यावर एकच छप्पर आहे आणि नावाजलेल्या कंपन्या केव्हाच्या त्या छपराला डोकं टेकवून उभ्या आहेत. यंदाची बॅट गेल्या वर्षीच्या बॅटपेक्षा जास्त लांब मारते असं कंपनी म्हणत असेल तर दोनच शक्यता उरतात, एक तर गेल्या वर्षी त्यांनी तुम्हाला मुद्दाम कमी दिलं होतं किंवा यंदाची बॅट नियमात बसत नाही. पण हा प्रश्न दुकानात विचारू नका, सेल्समन बिचारा कॉलेजचा पोरगा असतो.

तुम्ही म्हणाल की नवीन बॅट कधीच चांगली नव्हती का. होती की! आणि हाच तर सगळ्या मार्केटिंगचा पाया आहे, म्हणून हे नीट समजून घ्या म्हणजे फसताना मजा येईल. लाकडी बॅट ठोस असते, बॉल आपटला की बॉलच चेपतो आणि चेपून परत फुगताना जवळजवळ तीन चतुर्थांश ऊर्जा आतल्या आतच वाया घालवतो. 1970 च्या दशकात ॲल्युमिनियमच्या पोकळ बॅट आल्या. पोकळ असल्यामुळे बॅरलची, म्हणजे बॉल लागतो त्या जाड भागाची, भिंत बॉलबरोबर थोडी आत दबते आणि स्प्रिंगसारखी परत येते, बॉल कमी चेपतो, ऊर्जा कमी वाया जाते आणि बॉल लांब जातो. ही काही जाहिरात नव्हे, सरळ फिजिक्स आहे. मग लोकांच्या लक्षात आलं की भिंत जितकी मऊ तितकं बरं, फक्त पातळ केली की धातू चेपतो, म्हणून 1990 च्या दशकात बॅट बनवणाऱ्या रे डिमरिनी यांनी एकाच्या आत एक अशी दोन भिंतींची बॅट काढली. टायटेनियमचीही आली, आणि ती इतकी बेफाम निघाली की लगेच बंदी आली. मग कार्बन फायबरचं कंपोझिट आलं आणि बॅरल हवं तसं मऊ करता यायला लागलं. त्या काळात ज्याने दर दोन-तीन वर्षांनी बॅट बदलली तो शहाणाच होता हो, खरंच फरक पडायचा, एवढा पडायचा की बॉल टाकणारा पिचर आणि तिसऱ्या बेसवाल्याचं तोंड फुटायची वेळ आली आणि म्हणून तर ते 98 चं छप्पर घालावं लागलं.

म्हणजे त्या पिढीने अनुभवलेली खरी गोष्ट आजच्या पिढीला नवीन रंगात विकतात, एवढंच. आजोबांनी नाव कमावलं आणि नातू त्याच पाटीवर धंदा करतोय. पण धंदा झकास आहे. ग्राफिक्स बघा, मागच्या वर्षी काळ्यावर सोनेरी ज्वाळा होत्या, यंदा पांढऱ्यावर निळी वीज आहे, आणि बॅरलवर एखाद्या दणकट प्रोचं नाव आहे जो कंपनीच्या खर्चाने गावोगाव फिरून होमरन मारून दाखवतो. त्याचे दंड तुमच्या मांडीएवढे आहेत ही बाब दुर्लक्ष करण्यासारखी आहे. त्याच्या हातात बाथरूमचा पाइप दिला तरी तो कुंपणाबाहेर मारेल, पण पाइप साडेतीनशेला विकता येत नाही ना.

कंपोझिटच्या बाबतीत एक गुपित आहे आणि ते कंपन्या लपवतही नाहीत, फक्त बारीक अक्षरात लिहितात. नवीकोरी कंपोझिट बॅट ही तिच्या आयुष्यातली सगळ्यात थंड, म्हणजे बॉल सगळ्यात कमी उसळवणारी, बॅट असते. शेकडो फटके खाल्ल्यावर आतल्या रेझिनला, म्हणजे फायबर धरून ठेवणाऱ्या डिंकाला, बारीक बारीक तडे जातात, भिंत सैल होते आणि मग ती बोलायला लागते. म्हणून सांगतात की प्रत्येक फटक्यानंतर बॅट हातात थोडी फिरवा, सगळीकडून सारखी मारा, घाई करू नका. म्हणजे तुमची गेल्या वर्षीची बॅट, जी तुम्ही सीझनभर बडवलीत आणि जी आत्ता कुठे रंगात आलीये, नेमकी तीच गॅरेजमध्ये टाकून तुम्ही नवी थंड बॅट आणायची आहे. आणि ती तापली की पुढची आणायची. असं केलंत तर तुम्ही आयुष्यभर कायम थंड बॅटनेच खेळाल, पण फोटोत कायम नवीन दिसाल. शेवटी इन्स्टावर बॅटचा वेग दिसत नाही, रंग दिसतो.

काही मंडळी एवढं थांबत नाहीत. बॅट दोन रोलरमध्ये दाबून एका दिवसात सैल करून देणारे लोक आहेत, आणि पुढचे महाभाग तर टोकाची टोपी काढून बॅरल आतून लेथवर तासतात. नियमाने दोन्ही बाद आहे, आणि तासलेल्या बॅटने पिचर खरोखर जखमी होऊ शकतो म्हणून यात विनोद करण्यासारखं फार काही नाही. मोठ्या टूर्नामेंटना आता बॅरल दाबून बघायचं यंत्र घेऊनच माणसं बसलेली असतात, भिंत जास्त मऊ लागली की बॅट घरी.

शिक्क्यांचा विषय निघालाच आहे तर सांगतो, नवीन बॅट घेण्याचं एकमेव खरं कारण शिक्का हेच आहे. यूएसए सॉफ्टबॉलचा वेगळा, यूएसएसएसए या दुसऱ्या संस्थेचा वेगळा, शिक्क्याची आवृत्ती बदलली की काल चालणारी बॅट आज बाद होते, शिक्का असूनही नंतर बंदी घातलेल्या बॅटींची यादी असते ती वेगळीच. चांगली चालणारी बॅट खेळाडूच्या दृष्टीने म्हातारी होत नाही, कागदोपत्री मरते. आणि कागदोपत्री मेलेल्याला जिवंत करणं किती अवघड असतं हे तलाठी ऑफिसात गेलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

वजन कितीचं घ्यावं याची चिंता नको. कुठलंही घ्या आणि हरलात की बदला. हलकी बॅट जोरात फिरते पण बॉलला ढकलायला तिच्यात जीव कमी, जड बॅटीत जीव भरपूर पण ती फिरेपर्यंत बॉल निघून जातो, दोन्हीकडची वजाबाकी बऱ्याच प्रमाणात एकमेकांना खाऊन टाकते. एकूण वजनापेक्षा ते वजन टोकाकडे किती आहे याने स्विंगचा वेग जास्त बदलतो, म्हणून तर एकाच वजनाची बॅलन्स्ड आणि एंड-लोडेड (टोकाकडे जड) अशा दोन बॅटी मिळतात आणि अर्थातच तुम्ही दोन्ही घ्यायच्या आहेत. पंचवीस मैलांनी तरंगत येणाऱ्या बॉलला स्वतःचा वेग असा नसतोच, त्यामुळे तो लांब जाणार का हे जवळजवळ सगळं तुमच्या स्विंगवर ठरतं, पण स्विंगचं आपण नंतर बघू असं वरच ठरलंय.

दुकानाच्या केजमध्ये, म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यात, ट्राय करायला दिलीच तर कानाने पारखा. ॲल्युमिनियम टणकन वाजतं, कंपोझिट जरा दबलेला, जाडसर आवाज काढतं, आणि आवाज आवडला की बॉल लांब गेल्यासारखा वाटतो, केजमध्ये तर तो कुठे गेला हे दिसतच नाही, समोर जाळी. दोन तुकडे जोडून केलेल्या बॅटीत हाताला झिणझिण्या कमी येतात, हे मात्र मी खोटं म्हणणार नाही, चुकीच्या जागी लागलेला बॉल पूर्वी कोपरापर्यंत सणक मारायचा, ते सुख नवीन बॅटीत नक्की आहे. म्हणजे खराब मारणं आता पुष्कळ आरामाचं झालंय. एवढं तरी पैसे वसूल.

लीग एप्रिलमध्ये सुरू होते आणि न्यू जर्सीतल्या एप्रिलची संध्याकाळ कशी असते ते तुम्हाला माहीतच आहे. बऱ्याच कंपोझिट बॅटींवर लिहिलेलं असतं की 60 फॅरेनहाइटच्या खाली वापरू नका, थंडीत तडकतात. वॉरंटी बहुतेक वर्षभराचीच. तेव्हा महागडी बॅट बॅगेत ठेवून मित्राची जुनी ॲल्युमिनियमची उसनी मागा, आणि तिने चुकून लांब फटका बसलाच तर कोणाला बोलू नका.

तरीही जमत नसेल तर धीर धरा, पन्नाशी येऊ द्या. सिनियर सॉफ्टबॉलमध्ये तरण्या पोरांपेक्षा जास्त तापट बॅट वापरायला परवानगी असते, सिनियरसाठीचा वेगळा 1.21 चा शिक्का असलेल्या. मायकेन कंपनीची अल्ट्रा 2 ही बॅट यूएसए सॉफ्टबॉलने केव्हाच बाहेर काढलेली, इतकी जुनी बॅट, ती काका लोक तिथे अजून जपून वापरतात आणि तिच्यासाठी चांगले पैसेही मोजतात. आता वीस वर्षांत एवढी प्रगती झाली असताना या काकांना नवीन मॉडेल का नको असतं कोण जाणे, वय झालं की माणूस हट्टी होतो, दुसरं काय.

तर यंदाची ऑर्डर करून टाका, उशीर नको, निळ्या विजेवाली आधी संपते. आणि गेल्या वर्षीची जी आता निरुपयोगी झालीये ती गॅरेजमध्ये कशाला अडगळ ठेवताय, कंपोझिट असेल, सीझनभर बडवून झाली असेल, शिक्का चालू असेल आणि बॅरलला तडा नसेल तर मला मेसेज करा. साठ डॉलर देईन. बेसमेंटमध्ये अजून जागा आहे.