ओळख ना पाळख

लॅपटॉप फॉरमॅट करून टाक, असा सल्ला मला कुणी दिला नव्हता. ती दुर्बुद्धी माझी स्वतःची.

तो इतका मंदावला होता, की बटण दाबून आंघोळ उरकून आलो तरी गोल चकती फिरतच असायची. यंत्र विंडोज ७ च्या काळातलं. त्या विंडोजची अधिकृत देखभाल १४ जानेवारी २०२० लाच संपली, पण नवं विंडोज दोन जीबी रॅमला झेपणारं नव्हतं आणि मला लागणार होतं ते फक्त टायपिंगपुरतं. म्हटलं, जन्मला त्याच विंडोजमध्ये पुन्हा घालू.

फोटो काढून ठेवले, कागदपत्रं काढून ठेवली, कुणी मागणार नाही अशी विजेची जुनी बिलंसुद्धा दोनदा कॉपी केली. राहिलं ते सी ड्राइव्हवरचं एकच फोल्डर, ड्रायव्हरांचं, म्हणजे यंत्राच्या एकेका भागाची विंडोजशी ओळख करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामांचं. त्याचं नाव ‘ड्रायव्हर - पुसू नये’. नावातच तसं लिहिलेलं असल्यामुळे ते पुसलं जाणार नाही, अशी माझी कुठेतरी आत समजूत असावी.

विंडोज अर्ध्या तासात, अगदी गुण्यागोविंदाने बसलं. आणि मग पडदा उघडला. अक्षरं पाटीवर लिहिल्याएवढी. आठशे बाय सहाशेचा पडदा, त्यामुळे खिडकी कुठलीही उघडा, ‘नेक्स्ट’चं बटण पडद्याच्या खाली तळघरात. आवाज नाही. वायफाय नाही. तार लावली तर तारेचीही दखल नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे यंत्राच्या भागांच्या यादीत, आठ पिवळी उद्गारचिन्हं आणि प्रत्येकापुढे ‘अननोन डिव्हाइस’च्या जातीचं काहीतरी. इतकी वर्षं सोबत काढलेले स्वतःचेच हातपाय या गृहस्थांना ओळखू येईनात!

नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर नेटवर होता. नेट मिळायला नेटवर्क कार्ड चालू हवं होतं. कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून कपाट ओढून घ्यावं, तसं.

“बाबा, माझ्या लॅपटॉपवर डाउनलोड कर आणि पेनड्राइव्हने ने,” मुलगी म्हणाली. “आणि पेनड्राइव्ह माझा आहे, परत दे.”

तिथून माझ्या येरझाऱ्या सुरू झाल्या. मॉडेल नंबर लॅपटॉपच्या पोटावर होता, तो मांडीला घासून घासून कधीच पुसला गेला होता. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी जाग्या होणाऱ्या सेटिंगच्या पडद्यात, शिरून तो मिळवला, तर कंपनीच्या साइटवर त्या एका मॉडेलसाठी चार वायफाय ड्रायव्हर. हाताला येईल ते कार्ड त्यांनी त्या त्या दिवशी बसवलेलं. आपल्यात कुठलं, हे आपण ओळखायचं. तीन घालून पाहिले. दोघांनी ‘सुसंगत हार्डवेअर नाही’ म्हणून हाकललं. तिसरा आनंदाने बसला आणि त्याने काहीच केलं नाही. त्या रात्री मी खिडकी उघडून खाली किती अंतर आहे ते बघून आलो.

दुसऱ्या दिवशी खरी विद्या हाती लागली. पिवळ्या चिन्हावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डीटेल्स, हार्डवेअर आयडी. तिथे ‘व्हेन’ आणि ‘डेव्ह’ असे दोन आकडे असतात. व्हेन म्हणजे व्हेंडर, म्हणजे आडनाव. डेव्ह म्हणजे डिव्हाइस, म्हणजे पाळण्यातलं नाव. पहिलंच आडनाव निघालं ८०८६. तो इंटेलचा क्रमांक, त्यांच्या १९७८ सालच्या ८०८६ प्रोसेसरचा. चिप बनवणारी माणसंही अशी हळवी असतात हे वाचून मला, त्या मनःस्थितीतही, जरा भरून आलं. वायफाय कार्डाचं आडनाव मात्र वेगळं होतं, आणि ते अर्थातच चौथ्या ड्रायव्हरशी जुळलं.

वायफाय लागलं! पहिलीच साइट उघडली, तर ‘हे कनेक्शन सुरक्षित नाही’. दुसरी, तेच. तिसरी, तेच. तासाभराने नजर कोपऱ्यातल्या घड्याळावर गेली. आतली नाण्याएवढी बॅटरी मेली होती आणि लॅपटॉपच्या मते आज १ जानेवारी २००९ होती. साइटची खरेपणाची प्रमाणपत्रं त्याच्या हिशेबाने अजून जन्मायचीच होती, मग तो विश्वास ठेवील कशाला? त्याचं तसं चुकलंही नाही.

ग्राफिक्स, आवाज, कार्ड रीडर ही मंडळी पुढच्या दिवशी एकेक करून ओळख पटवून घरात आली. उरलं एक चिन्ह. याच्या आयडीत आडनाव नाही, नाव नाही, नुसतं ‘एसीपीआय’ आणि पुढे काही अक्षरं. दोन तास त्याच्यामागे घातले. नसतं मिळालं तरी काही अडत नव्हतं, पण एकदा सात झाल्यावर आठवं सोडवत नाही.

तो निघाला पडण्याचा सेन्सर. लॅपटॉप हातातून सुटला, की तो हवेत असतानाच हे उपकरण हार्डडिस्कचं डोकं तबकडीवरून बाजूला घेतं, म्हणजे आपटल्यावर ओरखडा उठत नाही. मी ड्रायव्हर घातला. पिवळं चिन्ह गेलं.

मुलगी पेनड्राइव्ह न्यायला आली होती. “म्हणजे तू हा फेकलास तर त्याला आधी कळेल?”

“आता कळेल,” मी म्हटलं. “परवा फेकला असता तर बेसावध गेला असता.”