निर्दोष गिझर

दारामागच्या भिंतीत बसवलेल्या वीजपेटीशी माझा संबंध अनेक वर्षे तिच्या झाकणावर टांगलेल्या छत्रीपुरताच होता. परवा रात्री साडेनऊला घर एकदम अंधारात बुडाले, शेजाऱ्यांचा दिवा मात्र चालूच राहिला, तेव्हा छत्री बाजूला करून ती पेटी उघडणे मला भाग पडले.

आत ओळीने खटके होते. त्यांच्याखाली कोणीतरी पेन्सिलने लिहिलेल्या नावांपैकी ‘किच’, ‘बेड’ आणि एक नुसते प्रश्नचिन्ह एवढेच वाचता येत होते. पोटावर ‘टी’ अक्षराचे बटण असलेला आरसीसीबी नावाचा खटका तेवढा मान खाली घालून बसला होता. बाकीचे एमसीबी म्हणजे तारांचे रखवालदार: प्रवाह बराच वेळ जास्त राहिला, की त्यांच्यातली दोन धातूंची पट्टी तापून वाकते, आणि शॉर्टसर्किट झाले, तर विद्युतचुंबक क्षणात खटका पाडतो. आरसीसीबी मात्र जातीचा हिशेबनीस. फेजमधून, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेतून, गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या तारेतून, तितकाच परत आला का, एवढेच तो पाहतो, आणि 30 मिलिअँपिअरची तूट दिसली, की सगळ्या घराचा व्यवहार थांबवतो. आमच्या घरात इतका चोख हिशेब दुसरे कोणीही ठेवत नाही.

मी तो वर केला, तो पडला. मग मी दांडी अंगठ्याने दाबूनच धरली. दांडी वर आणि घर अंधारात! बाहेरून कितीही धरून ठेवले, तरी आतला संपर्क सुटायचा तो सुटतोच, अशीच त्याची रचना असते, हे मला अंगठा दुखायला लागल्यावर आठवले.

“अहो, गिझर असेल,” बायको म्हणाली.

मी शास्त्रशुद्ध पद्धत पत्करली. सगळे एमसीबी खाली आणि आरसीसीबी वर केल्यावर तो टिकला. ‘किच’ वर केला. फ्रिज घुमला आणि आरसीसीबी पडला. चोर सापडल्याच्या आनंदात मी फ्रिजची पिन काढून ‘बेड’ वर केला. पंखा फिरला आणि तो पुन्हा पडला. प्रश्नचिन्हाला मी हात लावला नाही, कारण अनोळखी माणसाला रात्री उठवू नये. तात्पर्य, फ्रिज आणि पंखा दोघेही गुन्हेगार, आणि ज्याला वीजच मिळत नव्हती तो गिझर निर्दोष, हे मी बायकोला दोनदा ऐकवले.

सकाळी इलेक्ट्रिशियनने पेटीचे कव्हर काढले. मेन बंद आहे, या धीरावर मी आत बोट नेले, तर तो ओरडला, “साहेब, हात लांब! मेन बंद केला, तरी त्याच्या वरच्या टोकाला सप्लाय असतोच.” एका पितळी पट्टीवर न्यूट्रलच्या काळ्या तारांची दाटी होती, दुसरीवर अर्थच्या, म्हणजे जमिनीशी जोडलेल्या, हिरव्या तारांची. काळ्यांपैकी एक त्याने सोडवून बाजूला धरली, आरसीसीबी वर केला आणि फ्रिज, पंखा, दिवे सगळे निमूटपणे चालू झाले.

“ही गिझरची. एमसीबी फेजच तोडतो, न्यूट्रल पट्टीला जोडलेलाच राहतो. तुमच्या गिझरमध्ये न्यूट्रल अर्थला लागलाय. फ्रिजचा परतीचा करंट थोडा तिकडून पळणार, मग हा पडणारच.”

बायको काहीच बोलली नाही. तिने पेन आणले आणि त्या प्रश्नचिन्हाखाली ठळक अक्षरांत ‘गिझर’ असे लिहिले. झाकण आता उघडेच राहते. छत्री टांगायला मी आतलाच एक खिळा शोधतो आहे.