रूल पाठ आहेत, तरी प्रूफ सुचत नाही: एका कमेंटला उत्तर

तुमची कमेंट दोनदा वाचली आणि घाईत दोन ओळी टाकण्यापेक्षा नीट लिहावं म्हटलं. तुमचं म्हणणं असं की लॉजिकच्या परीक्षेसाठी "घोकू नका, समजून घ्या" हा माझा सल्ला आधीच हुशार असलेल्यांच्या कामाचा आहे, पेपरात घड्याळ पळत असताना रूल (एका विधानातून दुसरं काढायचे ठरलेले नियम) पाठ नसतील तर काही सुचत नाही, आणि मी सांगितलं म्हणून पूर्ण ट्रुथ टेबल (खरं-खोट्याच्या सगळ्या शक्यतांचा तक्ता) काढत बसलात त्यात तुमचा वेळ गेला.

ट्रुथ टेबलचं तुमचं अगदी बरोबर, चूक माझी. पाच व्हेरिएबल (क, ख अशी सुटी विधानं) आले की 32 ओळी होतात आणि एखाद्या ओळीत खरं-खोटं उलटं पडलं की सगळी मेहनत वाया. प्रश्न फक्त व्हॅलिड (दिलेली विधानं खरी असली की निष्कर्षही खराच) की इनव्हॅलिड एवढाच असेल तर उलटीकडून धरायचं, निष्कर्ष खोटा आणि दिलेली विधानं सगळी खरी माना, जमतंय का बघा. "जर क तर ख, क नाही, म्हणून ख नाही" यात क खोटं, ख खरं ठेवलं की संपलं, एका ओळीत इनव्हॅलिड. कुठूनही जमवायला गेलं तरी विरोधच येत असेल तर व्हॅलिड. हे तेव्हाच लिहायला हवं होतं.

रूल पाठ हवेत हेही मान्य, नावासकट हवेत, प्रत्येक ओळीपुढे कारण लिहायचं असतं. पण सगळे रूल तोंडपाठ असलेली मुलंही प्रूफपाशी, म्हणजे दिलेल्या विधानांवरून रूल लावत ओळीओळीने निष्कर्षापर्यंत जाताना, अडकतात, ते का, हा खरा मुद्दा आहे आणि तो मला सोडून द्यावासा वाटत नाही.

समजा एवढंच दिलंय: "जर क किंवा ख, तर ग". सिद्ध करायचं: "जर क तर ग". दिलेल्या ओळीकडे कितीही वेळ बघा, एकटीवर मोडस पोनेन्स ("जर क तर ख" आणि क, म्हणून ख) लागत नाही, आणि इथेच पेन थांबतं. आता खालून बघा. शेवटी "जर क तर ग" हवंय, म्हणजे क गृहीत धरायचं आणि ग काढायचं. ग कुठून येईल? "क किंवा ख" हातात असेल तर. ते कुठून आणू? क आहेच की, ॲडिशन (क असेल तर "क किंवा काहीही") लावा! दिलेल्या ओळीखाली चार ओळींत प्रूफ पूर्ण. ॲडिशन सगळ्यांना पाठ असतो पण उगाच ख कशाला जोडायचा असं वाटून कोणी वापरत नाही, कारण तो वरून दिसतच नाही, खालून आलात तरच त्याची गरज कळते.

क्वांटिफायरमध्ये ("सगळे", "काही" असे शब्द) मात्र घोकंपट्टी सरळसरळ फसवते. "सगळे" आलं की जर-तर लिहायचं हे पाठ असतं, म्हणून "काही" लाही जर-तर लावलं जातं. "काही पक्षी उडत नाहीत" याचं "असं काहीतरी आहे की ते पक्षी असेल तर उडत नाही" केलंत तर एक दगडसुद्धा ते विधान खरं करतो, दगड पक्षीच नाही ना! तिथे "आणि" च हवं.

ज्या प्रूफवर अडकलात ते खाली टाका, पूर्ण सोडवून नको, शेवटच्या ओळीच्या आधीची ओळ काय असेल असं वाटतं तेवढीच लिहा, तिथून आपण मिळून वर जाऊ.