सायरन वाजला की गेटकडे पळा? आधी वारा बघा

परवा नवी मुंबईत घणसोलीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. संध्याकाळपर्यंत तोच आणखी चार ग्रुपवर दिसला. 'एमआयडीसीत काम करणाऱ्यांनी हे वाचाच' अशी सुरुवात. मजकूर थोडक्यात असा: सायरन वाजला की विचार न करता मेन गेटकडे पळा, वास येत नसेल तर घाबरू नका, सहकारी कोसळला तर क्षणही न दवडता त्याला बाहेर ओढा, आग दिसली की पाणी मारा, आपत्कालीन आराखडा आणि मॉक ड्रिल हा इन्स्पेक्टरला दाखवायचा देखावा, खरं काम फायर ब्रिगेड करतं, आणि आसपास राहणाऱ्यांनी गाडी काढून ताबडतोब निघून जावं.

ठाणे-बेलापूर या कारखान्यांच्या पट्ट्यात मी २२ वर्षं शिफ्टमध्ये काढली आहेत. मेसेज लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असेल. पण यातल्या एकेका सल्ल्यापायी माणूस जीवानिशी जाऊ शकतो, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी गेटचं. गेट कुठे असावं हे कारखाना बांधताना ठरतं. गॅस कुठे जाणार हे त्या घडीचा वारा ठरवतो. आपला पट्टा डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला खाडी, पूर्वेला पारसिकचा डोंगर, मधून ठाणे-बेलापूर रस्ता. दुपारी वारा बहुधा खाडीकडून डोंगराकडे वाहतो. रात्री, विशेषतः थंडीत, तो मंदावतो आणि डोंगराकडून वस्तीकडे उतरतो. घणसोली-कोपरखैरण्यात उग्र वासाची तक्रार बहुधा रात्री का होते, हे यावरून कळेल. म्हणजे दुपारपाळीला सुरक्षित असलेलं गेट रात्रपाळीला नेमकं गॅसच्या वाटेत येऊ शकतं. प्लँटच्या छपरावर विंड सॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, लावलेला असतो तो यासाठी. आधी त्याच्याकडे बघायचं, वाऱ्याला आडवं चालत गॅसच्या पट्ट्यातून बाहेर पडायचं आणि मग वारा जिकडून येतो त्या बाजूच्या असेंब्ली पॉइंटवर, म्हणजे सगळ्यांनी जमायच्या ठरलेल्या जागी, जायचं. असेंब्ली पॉइंट एकच असेल तर तो आराखडा अपुरा आहे, असं सेफ्टी ऑफिसरला तोंडावर सांगा.

गॅस कुठला हेही महत्त्वाचं. क्लोरीन हवेच्या जवळजवळ अडीचपट जड. तो गटारात, खड्ड्यात, तळघरात साचतो, त्यामुळे उंचावर जाणं बरं. अमोनिया हवेपेक्षा हलका, पण टाकीतून द्रवरूपात फुटला तर थंडगार ढग सुरुवातीला जमिनीलगतच सरपटतो. आणि जीव घेऊन धावणारा माणूस दुप्पट-तिप्पट श्वास घेतो. १९८४च्या डिसेंबरात भोपाळमध्ये धावत सुटलेल्या माणसांच्या छातीत विष जास्त गेलं, ते याच कारणाने.

'वास नाही तर धोका नाही' हे तर सर्वांत घातक. नायट्रोजनला वास नाही, कार्बन मोनॉक्साइडला नाही. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाची जाणीवच बधिर होते. वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो, आणि तेव्हाच तो मरणाच्या जवळ असतो. ईटीपीच्या (कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटच्या) टाकीत किंवा मॅनहोलमध्ये एक जण कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. 'क्षणही न दवडता ओढा' हा सल्ला त्या दुसऱ्या-तिसऱ्या माणसाचा जीव घेतो. आपला माणूस डोळ्यांसमोर पडलेला असताना थांबणं किती कठीण असतं, हे मला माहीत आहे. तरीही बीए सेट (पाठीवर हवेचा सिलिंडर असलेला मुखवटा) चढवल्याशिवाय आणि वर दोर धरणारा असल्याशिवाय आत जायचं नाही. हवा तपासून आत उतरायचं परमिट दिलं असेल आणि उतरणाऱ्याच्या अंगावरच्या हार्नेसला (अंगभर पट्ट्यांना) आधीच दोर असेल, तर तो वरूनच ओढता येतो, कुणालाही आत उतरावं लागत नाही.

पाण्याचं थोडक्यात: पाण्यापेक्षा हलकं सॉल्व्हंट पेटलं असेल तर ते पाण्यावर तरंगत पसरतं, तिथे फोम लागतो. सोडियमवर पाणी पडलं तर स्फोटच. क्लोरीनच्या गळतीवर थेट पाणी मारलं तर आम्ल तयार होऊन भोक मोठं होतं.

आता आराखड्याविषयी. इथे मेसेज निम्मा खरा आहे, आणि याचंच मला दुःख आहे. अनेक मॉक ड्रिल आधी सांगून, सकाळी ११ वाजता, जनरल शिफ्टमध्ये होतात. भोपाळची गळती मध्यरात्रीची, २०२०ची विशाखापट्टणमची पहाटेची. म्हणून ड्रिल बंद करायचं, की रात्री २ वाजता, कुणाला न सांगता करायचं? धोकादायक रसायनांचा मोठा साठा असलेल्या कारखान्यांना १९८९च्या नियमांनुसार ऑन-साइट, म्हणजे कारखान्याच्या आतला, आराखडा आणि दर सहा महिन्यांनी त्याचं ड्रिल सक्तीचं आहे. कारखान्याबाहेरच्या ऑफ-साइट आराखड्याची तालीम वर्षातून एकदा तरी व्हायला हवी.

आमच्या कारखान्यात एका ड्रिलला हजेरी तीनने कमी भरली. ठेकेदाराकडे कामाला असलेली तीन पोरं. त्यांची नावं गेटच्या रजिस्टरमध्ये होती, असेंब्ली पॉइंटच्या यादीत नव्हती. २० मिनिटांनी ती बाहेरच्या टपरीवर चहा पिताना सापडली. खरी आग असती तर त्यांना शोधायला जवान धुरात शिरले असते, रिकाम्या शेडमध्ये. दुसऱ्या दिवसापासून कंत्राटी कामगारांची यादी प्रत्येक शिफ्टला नव्याने लिहिली जाऊ लागली. ज्याला मेसेज देखावा म्हणतो, त्यानेच ही चूक दाखवली.

फायर ब्रिगेडचे जवान येतात आणि जिवावर उदार होऊन लढतात. पण पहिली दहा-पंधरा मिनिटं शिफ्टमधल्या माणसांच्याच हातात असतात. बंब गेटवर आल्यावर त्यांना विचारायचं असतं: आत काय आहे, किती आहे, व्हॉल्व्ह कुठे आहे, माणसं किती कमी आहेत? रात्रपाळीच्या सुपरवायझरला ही उत्तरं देता आली नाहीत, तर बंब वेळेवर येऊनही खोळंबतो. या पट्ट्यातल्या कारखान्यांचा एकमेकांना मदत करणारा 'मार्ग' हा गटही आहे. शेजारच्या कारखान्यातून फोम, बीए सेट मिळू शकतात, पण कुणाला फोन करायचा ते कंट्रोल रूमच्या भिंतीवर लिहिलेलं हवं.

राहता राहिला गाडी काढण्याचा सल्ला. सगळ्यांनी एकदम गाड्या काढल्या तर ठाणे-बेलापूर रस्ता तुंबेल, बंब आणि १०८ अडकतील, आणि तुम्ही गॅसमध्येच गाडीत बसून राहाल. बाहेर पडा असं प्रशासनाने सांगितलं नसेल तर घरातच थांबा. दारं-खिडक्या लावा, एक्झॉस्ट आणि बाहेरची हवा आत घेणारा एसी बंद करा, दाराखालच्या फटीत ओला टॉवेल दाबा, नाका-तोंडावर ओलं फडकं धरा, ११२ला फोन करा. आसपासच्या रहिवाशांना धोका कसला आणि सायरन वाजल्यावर काय करायचं हे आधीच कळवणं, हेही त्याच १९८९च्या नियमांत आहे. आमच्या सोसायटीला आजवर असं एकही पत्र आलेलं नाही. येत्या बैठकीत हा विषय मी मांडणार आहे, आणि जिल्हा प्रशासनाला द्यायच्या अर्जाचा मसुदा सोबत नेणार आहे.