गोळ्या दहा दिवसांच्या, आजार जन्माचा
रक्तदाबाच्या रुग्णाला एका वेळी महिनाभराच्या गोळ्या द्याव्यात, असे सांगणारा तक्ता आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर आहे. खिडकीतून मात्र ॲम्लोडिपिनची एकच पट्टी पुढे सरकते आणि उरलेल्या बाहेरून घ्यायला सांगितले जाते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागात उपचार निःशुल्क झाले, केसपेपरचे पैसेही गेले, हे मान्य. पण दहा गोळ्यांसाठी माझ्या सासूबाईंचा अर्धा दिवस आणि बुडालेली मजुरी कोणत्या रजिस्टरात लिहिली जाते? औषधखरेदी आधी हाफकिन या सरकारी महामंडळाकडे होती, मग २०२३ च्या कायद्याने स्वतंत्र प्राधिकरण आले, साठा ई-औषधी प्रणालीत दिसतो म्हणे; तरीही मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनची मागणी साठा संपल्यावरच का जाते? त्यावर कडी म्हणजे गेल्या वेळी ॲम्लोडिपिन नव्हते म्हणून हाती टेल्मिसार्टन हे रक्तदाबाचेच दुसरे औषध ठेवले आणि घरातल्या जुन्या पट्टीचे काय करायचे, हे कोणीच सांगितले नाही. सासूबाई दोन्ही घेत होत्या. खिडकीमागच्या औषधनिर्माण अधिकाऱ्यावर मी चिडत नाही, कारण रांगेतल्या शिव्या तोच खातो. चीड येते ती मागणीपत्र आठवडेच्या आठवडे टेबलावर ठेवणाऱ्यांची.