रात्रपाळी सोडायची असेल तर पहिल्याच वर्षात सोडा

जर्मनीत मास्टर्स करायला आलेल्या आपल्या मराठी मुलामुलींचे मेसेज मला वर्षभर येत असतात. ऑक्टोबरात नवी बॅच येते आणि जानेवारी उजाडेपर्यंत प्रश्न ठरलेला असतो: "ताई, वेअरहाऊसचं काम नको नको झालंय. पण सोडलं आणि दुसरं मिळालंच नाही तर?" हाच प्रश्न ग्रुपवर टाकला की सीनियर मंडळींची दोन उत्तरं तयार असतात. "आम्हीपण केलंय, तूही कर", नाहीतर "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस". मला दोन्ही उत्तरांचा राग येतो. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

शहराबाहेरचं गोदाम, रात्री दहा ते सकाळी सहा, हातात स्कॅनर, आणि तासाला किती नग उचलले याचा आकडा सुपरवायझरच्या स्क्रीनवर. आकडा खाली आला की सगळ्यांसमोर नाव घेऊन ओरडा. हिवाळ्यात पहाटेची बस चुकली तर पुढच्या बसपर्यंत उणे तापमानात उभं राहायचं. मी हे काम केलेलं आहे. ते कमी प्रतीचं आहे म्हणून सोडा, असं मात्र मी कुणालाही सांगणार नाही. माझ्या शेजारी सीरियातून आलेले, तीन-चार लेकरांचे बाप असलेले लोक राबत होते, त्यांच्या घरची चूल त्याच पगारावर पेटत होती. विद्यार्थ्याने स्वतःला वेगळा प्रश्न विचारायला हवा: या पगाराच्या बदल्यात माझं काय जातंय?

पहिली जाते परीक्षा. इथल्या बहुतेक विद्यापीठांत एका विषयाच्या परीक्षेला तीनच संधी असतात. तिसऱ्यांदा नापास झालात, तर त्या अभ्यासक्रमातून नाव कमी होतं आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठातही सहसा घेता येत नाही. नाव गेलं की विद्यार्थी म्हणून मिळालेला राहण्याचा परवानाही धोक्यात येतो. आपल्याकडे एटीकेटी लागली तर पुढच्या सत्रात सोडवू म्हणतो, तसं इथे धरून चालू नका. आठवड्याला दोन-तीन रात्री जागून सकाळी आठच्या लेक्चरला बसणारा मुलगा कितीही हुशार असला तरी फेब्रुवारीच्या परीक्षेत मार खातो. माझ्या डोळ्यांसमोर खाल्लेला आहे.

दुसरी जाते भाषा, आणि याबद्दल कुणी बोलत नाही. गोदामात बोलायला लागतच नाही. स्कॅनर सांगतो तो कप्पा गाठायचा, खोकं उचलायचं. आजूबाजूला सगळे परदेशी, मोडक्या इंग्रजीवर निभावतं. दोन वर्षं जर्मनीत राहून मुलं जर्मनच्या ए-टू, म्हणजे अगदी प्राथमिक पातळीवरच अडकतात आणि मग नोकरीच्या प्रत्येक जाहिरातीत बी-टू, म्हणजे त्याहून बरीच वरची पातळी, वाचून हताश होतात. पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिन्यांचा परवाना मिळतो. त्यातले कित्येक महिने भाषेचे वर्ग करण्यात घालवणारे हुशार इंजिनियर मी पाहते, तेव्हा खरंच जीव तुटतो.

म्हणून "चांगलं काम" म्हणजे फक्त मोठ्या कंपनीतली वेर्कश्टुडेंटची, म्हणजे शिकता शिकता आपल्याच क्षेत्रात करायची नोकरी, असं मी मानत नाही. ती मिळाली तर उत्तमच. पण मी गोदाम सोडून गेले ती एका बेकरीच्या काउंटरवर. पगार तोच, तासाला किमान वेतन. पहाटे उठावं लागायचं, पण रात्री झोप व्हायची. आणि सकाळभर शेकडो माणसांना "डार्फ एस नोख एट्वास झाइन?", म्हणजे "आणखी काही हवंय का?", विचारत राहायचं. म्हाताऱ्या आजीबाई थांबून हवापाण्याबद्दल बोलायच्या, चुकलं तर सुधारून सांगायच्या. वर्गात वर्षभर न बसलेली विभक्ती तिथे बसली. त्याच जर्मनच्या जोरावर पुढे विभागात हीवीचं, म्हणजे प्रोफेसरांच्या हाताखाली मदतनीसाचं काम मिळालं. तुमच्या बायोडेटावर बेकरी आहे म्हणून कुणी नाक मुरडत नाही, उलट इंटरव्ह्यूत त्यावरूनच गप्पा सुरू होतात.

आता पैशांचं बोलू, कारण अडतं तिथेच. 2026 पासून इथलं किमान वेतन तासाला 13.90 युरो आहे. आठवड्याला 20 तास धरले तर महिन्याला साधारण 1,200 युरो होतात, पेन्शनचा 9.3 टक्के वाटा कापून हातात अकराशेच्या आसपास. हीवीचं काम बहुतेकदा आठवड्याला दहाच तासांचं मिळतं, म्हणजे सहाशेच्या आसपास. निम्मे. लहान शहरात होस्टेलचं भाडं, आरोग्य विमा आणि किराणा एवढ्यातच ते संपतात. बर्लिन-म्युनिकमध्ये तर भाड्यालाच कमी पडतील. त्यामुळे "आवडत नाही तर सोड ना!" असं बिनधास्त सांगणाऱ्यांचंही मला पटत नाही. ज्याच्या घरी बाबा शैक्षणिक कर्जाचं व्याज भरतायत, त्याला असं सांगणं सोपं नसतं.

पण एक गोष्ट मुलांच्या लक्षात येत नाही. येताना ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी खर्चाचा पुरावा म्हणून उघडलेल्या खात्यात, 11,904 युरो ठेवलेले असतात, त्यातले महिन्याला 992 तुम्हाला मिळतात. म्हणजे पहिल्या वर्षी भाडं आणि जेवण बहुतेक शहरांत त्यातून निघतं. तरीही पहिल्याच वर्षी मुलं रात्रपाळी धरतात. थोडे पैसे घरी पाठवू, जमलं तर कर्ज आत्तापासून फेडू, असा विचार असतो आणि त्यामागचं मन मला पूर्ण समजतं. पण धोका पत्करायची ऐपत असलेलं वर्ष हे एकच असतं. दुसऱ्या वर्षी ब्लॉक्ड अकाउंट रिकामं होतं, परवाना वाढवायला परकीय नागरिक कार्यालयात पुन्हा पैशांचा पुरावा द्यावा लागतो, आणि बऱ्याचदा हातातला नोकरीचा करारच तिथे दाखवावा लागतो. तेव्हा नोकरी सोडायची तर खरोखर जिवावर येतं. कमी पगाराचं पण उपयोगाचं काम धरायचं असेल तर ते पहिल्या वर्षातच धरा. आणि हीवीचे तास, परदेशी विद्यार्थ्यांना वर्षाला कामासाठी मिळणाऱ्या 140 पूर्ण किंवा 280 अर्ध्या दिवसांच्या मर्यादेत मोजले जात नाहीत, हेही ध्यानात असू द्या. हीवीच्या जागा बहुतेकदा जाहिरातीआधीच भरतात. ज्या विषयात चांगले गुण पडलेत त्या प्रोफेसरांच्या असिस्टंटला सरळ ईमेल करा, लेक्चरनंतर थांबून विचारा. संकोच करू नका.

सोडताना मात्र नीट सोडा. दुसऱ्या करारावर सही झाल्याशिवाय पहिला मोडू नका. व्हॉट्सअॅपवर "उद्यापासून येत नाही" लिहिणं हा राजीनामा होत नाही, ईमेलही चालत नाही. कागदावर, पेनाने सही केलेलं पत्रच कायद्याने ग्राह्य असतं. प्रोबेशन सुरू असेल तर सहसा दोन आठवड्यांची नोटीस, नंतर चार आठवडे, तीही महिन्याच्या पंधरा तारखेला किंवा अखेरीला संपणारी. करारात वेगळं काही लिहिलंय का, मुदतीचा करार आहे का, ते आधी वाचा. उरलेली भरपगारी रजा मागून घ्या, पार्टटाइमवाल्यांनाही ती मिळते. आजारी पडलात आणि नोकरीला चार आठवडे होऊन गेले असतील तर त्या दिवसांचा पगारही मिळतो. कित्येक मुलं तापात कामाला जातात, कारण हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं, आणि ज्यांनी सांगायला हवं ते मुद्दाम सांगत नाहीत. निघताना आर्बाइट्सत्सॉयग्निस, म्हणजे अनुभवाचं प्रमाणपत्र, लेखी मागा. तो तुमचा हक्क आहे.

घरी सांगायचं कसं, हा प्रश्न मुली जास्त विचारतात. "मला हे काम आवडत नाही" असं फोनवर म्हटलं की आई घाबरते आणि बाबा गप्प होतात. त्यापेक्षा आकडे सांगा. आत्ता किती मिळतात, नवीन कामात किती मिळतील, भाडं जाऊन किती उरतील, कोणत्या महिन्यात तंगी येईल, आणि त्या बदल्यात कोणत्या विषयात पास व्हाल. शेतीचा किंवा दुकानाचा हिशेब आयुष्यभर केलेल्या माणसांना हे तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर कळतं. माझ्या बाबांनी सगळं ऐकून एकच विचारलं होतं, "झोप मिळेल ना?"

कुणाला करार वाचून हवा असेल किंवा राजीनाम्याचं जर्मन पत्र तपासून हवं असेल तर मेसेज करा. रविवारी दुपारी मी यासाठीच वेळ ठेवते. एप्रिलचं सेमिस्टर सुरू व्हायच्या आत केलंत तर हीवीच्या अर्जांकडेही एकत्र बघता येईल.